अनानिया शिराकात्सी आणि अर्मेनियाची सरकती दिनदर्शिका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा अनानिया नेमका कोण?

सातव्या शतकातला अर्मेनियन गणिती, खगोल जाणणारा आणि दिनदर्शिकेचा हिशेब मांडणारा. जन्म साधारण इ. स. ६१० च्या सुमाराचा, मृत्यू ६८५ च्या आसपास धरतात. म्हणजे आपल्याकडे ब्रह्मगुप्त ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ लिहीत होता (इ. स. ६२८), तेव्हा हा पोरगा तिकडे गणिताचा गुरू शोधत वणवण करत होता किंवा करण्याच्या बेतात होता. अर्मेनियन भाषेत गणित आणि खगोल लिहिणाऱ्यांची परंपरा त्याच्यापासून मोजतात.

‘शिराकात्सी’ हे आडनाव आहे का?

नाही. शिराक प्रांताचा तो शिराकात्सी, जसा आपल्याकडे साताऱ्याचा सातारकर. शिराक म्हणजे आजच्या अर्मेनियाचा वायव्य कोपरा, ग्युमरी शहराच्या आसपासचा उंच, थंड पठारी मुलूख. जुन्या शिराकचा एक तुकडा आज अखुर्यान नदीपलीकडे तुर्कस्तानात आहे. त्या काळी तिथे कामसाराकान घराण्याची सत्ता होती. हे नाव लक्षात ठेवा, पुढे एका गणितात येणार आहे.

इतक्या जुन्या माणसाचं चरित्र आपल्याला कळलं कुठून?

त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. लहानसं आत्मकथन आहे, पण मध्ययुगातल्या अभ्यासकाने ‘मी कुठे शिकलो, कुणाकडून शिकलो आणि माझ्या विद्यार्थ्यांनी माझं काय केलं’ हे इतकं मोकळेपणाने सांगावं, हे दुर्मीळच. त्यात कौतुक आहे, कृतज्ञता आहे आणि बरीचशी चिडचिडही आहे. मला तरी त्याच्या कोष्टकांइतकीच ही चिडचिड मोलाची वाटते, कारण तिच्यामुळे कोष्टकांमागचा माणूस दिसतो.

गुरूसाठी तो इतका का फिरला? अर्मेनियात शिक्षक नव्हते?

धर्मशास्त्राचे होते. गणिताचे नव्हते. तो म्हणतो की आपल्या देशात ही विद्या जाणणारा एकही माणूस सापडला नाही आणि तिचे ग्रंथही सापडले नाहीत. संख्या ही सगळ्या ज्ञानाची आई आहे, तिच्यावाचून कुठलाच विचार उभा राहत नाही, असं त्याचं ठाम मत होतं. तेव्हा घर सोडून बायझंटाईन साम्राज्याच्या हद्दीत जाणं भाग होतं.

पहिला मुक्काम थिओडोसिओपोलिस, म्हणजे अर्मेनियन लोकांचं कारिन, आजचं एर्झुरूम. तिथे कळलं की ‘चौथा अर्मेनिया’ नावाच्या प्रांतात ख्रिस्तोसातुर नावाचा गणिती आहे. अनानिया त्याच्याकडे गेला, सहा महिने राहिला आणि त्याच्या लक्षात आलं की गुरुजींना विषय अर्धाच येतो. मग थेट साम्राज्याच्या राजधानीला, कॉन्स्टँटिनोपलला (आजचं इस्तंबूल) निघाला. वाटेत तिकडूनच परत येणारे ओळखीचे लोक भेटले. त्यांनी त्याला वेड्यातच काढलं: इतक्या लांब कशाला जातोस? काळ्या समुद्रावरच्या त्रेबिझोंदला तिखिकोस नावाचा पंडित बसलाय. त्याला अर्मेनियन येतं, आणि कॉन्स्टँटिनोपलहून मुलं त्याच्याकडे शिकायला येतात!

खुद्द राजधानीच्या पॅट्रिआर्कचा, म्हणजे तिथल्या मुख्य धर्मगुरूचा, फिलाग्रिओस नावाचा डीकन (दुय्यम पाद्री) विद्यार्थ्यांचा जथा घेऊन त्याच्याकडे निघाला होता. अनानिया त्रेबिझोंदला पोचला, संत युजिनिओसच्या स्मारक-मंदिरात तिखिकोसला भेटला आणि तिथेच आठ वर्षं राहिला.

ग्रीक पंडिताला अर्मेनियन कसं येत होतं?

ही गोष्ट मूळ विषयाला सोडून आहे, पण सांगतोच. तिखिकोस मूळचा त्रेबिझोंदचा. तरुणपणी बायझंटाईन सैन्यातून अर्मेनियात होता, तिथे भाषा आणि लिपी दोन्ही शिकला. पुढे अँटिओकला पर्शियन सैन्याशी झालेल्या लढाईत तो जखमी झाला आणि होतं नव्हतं ते गमावून बसला. त्यानंतर त्याने तलवार ठेवली आणि विद्येमागे लागला. जेरुसलेममध्ये थोडे दिवस, अलेक्झांड्रियात तीन वर्षं, रोममध्ये एक वर्ष, मग कॉन्स्टँटिनोपलला अथेन्सच्या एका आचार्याकडे. शेवटी गावी परतला आणि शाळा काढली. कॉन्स्टँटिनोपलचा तो गुरू वारल्यावर सम्राटाने त्याच्या जागी तिखिकोसला बोलावलं, पण गाव सोडणार नाही असं व्रत असल्याचं सांगून तो गेला नाही.

अनानिया सांगतो की गुरूने मला मुलासारखं वागवलं आणि मनातलं सगळं दिलं. ग्रीक ग्रंथ समोर धरून तिखिकोस तो मजकूर अर्मेनियनमध्ये असा सांगे, जणू पुस्तक त्याच भाषेत लिहिलेलं आहे. गुरुगृही आठ वर्षं काढणं आपल्याला नवीन नाही, पण इथे गुरूच शिष्याच्या भाषेत उतरला होता.

मग परत येऊन त्याने काय केलं?

शाळा काढली. आणि तिथेच त्याच्या चिडचिडीला सुरुवात झाली. विद्यार्थी आले, थोडंफार शिकले आणि अभ्यास अर्धा टाकून निघून गेले. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. ते बाहेर जाऊन स्वतःच शिक्षक म्हणून मिरवू लागले आणि वर गुरूचीच निंदा करू लागले. अनानिया लिहितो की आपल्या लोकांना विद्येची आवड नाही, त्यांना कंटाळा फार लवकर येतो. क्लास अर्धा सोडून स्वतःचा क्लास काढणारे आजच निपजलेत असं समजणाऱ्यांनी हे वाचावं.

त्या वेळची अर्मेनियन दिनदर्शिका कशी होती?

दिसायला फार सोपी. ३० दिवसांचे १२ महिने, म्हणजे ३६० दिवस. शेवटी ‘आवेल्यात्स’ नावाचे पाच जादा दिवस. एकूण ३६५. वर्षाची सुरुवात नावासार्द महिन्याने, मग होरी, साहमी, त्रे असं करत शेवटचा ह्रोतित्स. महिन्याच्या तीसही दिवसांना आकडे नव्हते, स्वतंत्र नावं होती. दिवसाच्या आणि रात्रीच्या तासांनासुद्धा नावं होती, ती अनानियाने नोंदवून ठेवली आहेत.

वर्षगणना इ. स. ५५२ पासून. त्या साली ११ जुलैला नावासार्दचा पहिला दिवस होता. हेच साल का? कारण ईस्टरच्या तारखा ठरवायला अर्मेनियन चर्च २०० वर्षांचं एक कोष्टक वापरत होतं आणि ते ५५२ मध्ये संपलं. जुनी वही संपल्यावर नवीन वही उघडावी, तसा हा शक सुरू झाला.

यात बिघडत काय होतं?

लीप वर्ष नव्हतं. पृथ्वीला सूर्याभोवती फिरायला ३६५ दिवसांवर साधारण सहा तास जास्त लागतात. चार वर्षांत त्याचा एक दिवस होतो. तो मोजला नाही की वर्षारंभ दर चार वर्षांनी एका दिवसाने अलीकडे सरकतो. ५५२ ला ११ जुलैला असलेला नावासार्द ६६६ मध्ये १३ जूनला आला. १०८४ पर्यंत तर तो २९ फेब्रुवारीवर पोचला होता. उन्हाळ्यातलं नवं वर्ष बर्फात! पूर्ण फेरी मारून पुन्हा मूळ जागी यायला १४६० वर्षं लागतात.

आपल्या पंचांगात चंद्राची वर्षं सूर्याच्या मागे पडू लागली की अधिक महिना टाकून हिशेब जुळवतात. अर्मेनियन दिनदर्शिकेत असा सांधा मारायची सोयच नव्हती. महिने मोकळे सुटले होते आणि ऋतूंमधून फिरत होते.

याने शेतकऱ्याचं फार अडत नव्हतं, त्याला आभाळ कळतं. अडत होतं चर्चचं. ठरावीक तारखेचे सण ऋतूंमधून फिरू लागले आणि ग्रीक, सीरियन शेजाऱ्यांच्या तारखांशी मेळ बसेना.

ईस्टरच्या हिशेबात ५३२ हा आकडा सारखा का येतो?

१९ गुणिले २८ म्हणून. दर १९ वर्षांनी पौर्णिमा पुन्हा त्याच तारखांना येतात. १९ वर्षांत साधारण सात अधिक महिने, हे आपल्या पंचांगवाल्यांनाही तोंडपाठ असतं. आणि जुन्या रोमन दिनदर्शिकेत दर २८ वर्षांनी तारीख आणि वार यांची जोडी पुन्हा तशीच जुळते (सात वार, चार वर्षांचं लीप चक्र). दोन्ही एकत्र गुंफले की ५३२ वर्षांनी पौर्णिमा, तारीख आणि वार तिन्ही पुन्हा त्याच जागी. म्हणजे एकदा ५३२ वर्षांचं कोष्टक बनवलं की ईस्टरचा प्रश्न कायमचा मिटला, निदान त्या काळच्या समजुतीप्रमाणे. अनानियाने अर्मेनियन लोकांसाठी असं कोष्टक तयार केलं.

ईस्टरवरून एवढं भांडण कशाला? एका तारखेचा तर प्रश्न!

एका तारखेचाच. आणि ती तारीख ६ एप्रिल.

नियम असा: वसंतातली पौर्णिमा झाल्यावर येणारा पहिला रविवार म्हणजे ईस्टर. पौर्णिमाच रविवारी आली तर ईस्टर पुढच्या रविवारी. आता १९ वर्षांच्या चक्रातल्या एका वर्षाची पौर्णिमा अर्मेनियन हिशेबात ६ एप्रिलला होती, बायझंटाईन हिशेबात ५ एप्रिलला. बहुतेक वेळा याने काही फरक पडत नाही. पण ६ एप्रिलला रविवार आला की गंमत होते. ग्रीक म्हणणार पौर्णिमा काल शनिवारी झाली, आज ईस्टर. अर्मेनियन म्हणणार पौर्णिमा आज आहे, ईस्टर १३ तारखेला. एका गावात एकाच्या घरी सण आणि शेजाऱ्याच्या घरी अजून आठवडाभर उपास. टिळक पंचांग आणि दाते पंचांग यांचा अधिक महिना वेगळा पडला की काय होतं, ते ज्यांनी घरात अनुभवलंय त्यांना जास्त समजवायला नको.

अर्मेनियन लोक याला ‘त्सराझातिक’, म्हणजे वाकडा ईस्टर म्हणतात. ५३२ वर्षांत तो चारच वेळा येतो: ५७०, ६६५, ७६०, १००७, आणि मग चक्र पुन्हा ११०२ पासून. अर्मेनियन परंपरेत याचा ठपका इरिओन नावाच्या बायझंटाईन दरबारी गणकावर आहे. अलेक्झांड्रियाच्या एआस नावाच्या गणकाने पंडितांची सभा भरवली, त्यात आपल्याला बोलावलं नाही म्हणून इरिओनने रागाच्या भरात ६ चे ५ केले, अशी ती कथा. खरी असो नसो, पण आमंत्रण न आल्याचा राग हे कारण अगदीच न पटण्यासारखं नाही.

यादीतलं ६६५ बघा. तेव्हा अनानिया पन्नाशी ओलांडलेला होता, आणि त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम याच सुमाराचं आहे.

ते काम कुठलं?

इ. स. ६६१ ते ६६७ या काळात अनास्तास अकोरेत्सी हा अर्मेनियन चर्चचा कॅथोलिकोस, म्हणजे सर्वोच्च धर्मगुरू होता. त्याने अनानियाला सांगितलं की इतर लोकांसारखी आपलीही न सरकणारी दिनदर्शिका तयार कर. अनानियाने ती तयार केली. त्यासाठी त्याने केवळ ग्रीक हिशेब पाहिला नाही, तर इजिप्शियन, सीरियन, ज्यू, जॉर्जियन, कॉकेशसमधले अल्बानियन (युरोपातल्या अल्बानियाशी यांचा संबंध नाही) अशा कितीतरी लोकांच्या महिन्यांची तुलना केली. त्या अल्बानियन लोकांचं राज्य आणि साहित्य जवळजवळ सगळं पुसलं गेलंय. त्यांच्या महिन्यांची नावं अर्मेनियन गणकांच्या अशा नोंदींत उरली.

हे आणि बाकीचं सगळं गणित, खगोल त्याने ‘क्न्निकोन’ नावाच्या एका जाडजूड संग्रहात घातलं.

मग ती दिनदर्शिका लागू झाली का?

नाही. अनास्तास बिशपांची सभा भरवून तिला मान्यता घेणार होता. सभा भरायच्या आधीच, ६६७ मध्ये तो वारला. पुढच्यांनी विषय बाजूला ठेवला आणि जुनीच पद्धत चालू राहिली. दहाव्या शतकातला इतिहासकार, जो स्वतःही कॅथोलिकोस होता, तो होव्हानेस द्रासखानाकेर्त्सी ही हकिगत सांगतो.

गणितात चूक निघाली म्हणून हे बारगळलं नाही. सही करणारा माणूस गेला आणि फाईल तिथेच राहिली. दिनदर्शिका बरोबर असून भागत नाही, ती सगळ्यांनी एकाच दिवशी मान्य करावी लागते, आणि ते काम गणिताचं नाहीच. अनानियाचे पळून गेलेले विद्यार्थी टिकले असते, चार ठिकाणी मठांतून हा हिशेब शिकवत बसले असते, तर एका मृत्यूने सगळं थांबलं नसतं असं मला वाटतं.

शेवटी दिनदर्शिका स्थिर केली कुणी?

होव्हानेस सार्कावागने, चारशे वर्षांनी. ‘इमास्तासेर’, म्हणजे तत्त्वज्ञ, असंही त्याला म्हणतात. हाघपात मठाशी जोडलेला, आनी शहरात शिकवणारा हा विद्वान ११२९ मध्ये वारला. ५५२ मध्ये ५३२ मिळवले की १०८४ येतं. जुनं चक्र पूर्ण झालं ते साल त्याने नव्या गणनेसाठी घेतलं, नावासार्दचा पहिला दिवस ११ ऑगस्टला पक्का केला आणि दर चार वर्षांनी आवेल्यात्सचा सहावा दिवस जोडला. तरी सरकती दिनदर्शिका व्यवहारातून लगेच गेली नाहीच.

पृथ्वी, चंद्र, तारे यांबद्दल अनानियाचं काय म्हणणं होतं?

पृथ्वी गोल आहे. विश्व अंड्यासारखं: मध्ये पिवळा बलक म्हणजे पृथ्वी, भोवतीचा पांढरा बलक म्हणजे हवा, बाहेरचं कवच म्हणजे आकाश. चंद्राला स्वतःचा प्रकाश नाही, तो सूर्याचा परत फेकतो. चंद्र पृथ्वीच्या सावलीत शिरला की चंद्रग्रहण, चंद्र सूर्याच्या आड आला की सूर्यग्रहण. यातलं बरंचसं ग्रीकांकडून, काही सीझेरियाच्या बेसिलसारख्या चर्चच्या आचार्यांकडून आलेलं. मात्र अर्मेनियनमध्ये ते इतकं स्वच्छ सांगणारा हाच.

पृथ्वी गोल, तर मग पलीकडच्या बाजूला माणसं राहतात का, या प्रश्नाने त्याला बराच छळला होता. शेवटी स्वप्नात खुद्द सूर्य आला आणि अनानियाने त्यालाच विचारलं. सूर्याने ‘नाही’ म्हणून सांगितलं. इथे सूर्याचं चुकलं.

आकाशगंगेला अर्मेनियन लोक ‘पेंढाचोराची वाट’ का म्हणतात?

ही गोष्टही अनानियामुळेच टिकली. एका कडक हिवाळ्यात वाहाग्न या अर्मेनियन पूर्वजाने अश्शुरी लोकांच्या बारशामकडचा पेंढा चोरला. पळताना तो वाटेत सांडत गेला, तीच आभाळातली पांढरट वाट. अनानिया ही जुनी कथा नोंदवतो, आणि त्याचं स्वतःचं उत्तर देतो: हे दाट, मंद उजेडाचे असंख्य तारे आहेत. गॅलिलिओची दुर्बीण यायला अजून हजारएक वर्षं होती. ग्रहताऱ्यांवरून नशीब सांगणाऱ्यांवर मात्र त्याचा विश्वास नव्हता.

त्याला शून्य आणि आपले अंक माहीत होते का?

त्याच्या लिखाणात ते दिसत नाहीत. अर्मेनियन लोक अक्षरांनीच आकडे लिहीत. मेस्रोप माश्तोत्सने इ. स. ४०५ च्या सुमाराला तयार केलेली ३६ अक्षरं नऊ-नऊच्या चार ओळींत मांडा: पहिली ओळ एकं, दुसरी दहं, तिसरी शतं, चौथी हजार. ९९९९ पर्यंत चार अक्षरांत काम होतं, शून्याची गरजच पडत नाही. गंमत अशी की ६६२ मध्ये, अनानिया दिनदर्शिकेत बुडालेला असताना, युफ्रेटिसकाठच्या केन्नेश्रे मठातला सीरियन बिशप सेव्हेरस सेबोख्त हिंदूंच्या नऊ चिन्हांनी केलेल्या गणिताची स्तुती लिहीत होता. अंतर थोडंच होतं, पण ते नऊ अंक डोंगर ओलांडून शिराकपर्यंत तेव्हा पोचले नाहीत.

बेरीज, वजाबाकी, गुणाकाराची अनानियाची कोष्टकं अर्मेनियन भाषेतल्या सर्वांत जुन्या उपलब्ध कोष्टकांत मोडतात.

त्याची गणिताची कोडी कशी असत?

एकूण २४ उदाहरणांचा संग्रह आहे. त्यात लढाया, शिकारी, नात्यातली माणसं, शिराकचे सरदार, सगळं घरचंच. एक देतो, सोडवून बघा:

‘माझ्या नातलगांकडून ऐकलं की अर्मेनियन आणि पर्शियन यांच्या युद्धात झाउराक कामसाराकानने मोठा पराक्रम केला. एका महिन्यात त्याने पर्शियन सैन्यावर तीनदा हल्ला केला. पहिल्यांदा सैन्याचा अर्धा भाग मारला, दुसऱ्यांदा चौथा भाग, तिसऱ्यांदा अकरावा भाग. उरलेले २८० जण नाखिचेवानला पळाले. सैन्य मुळात किती होतं?’

उत्तर अगदी शेवटी आहे.

‘अश्खार्हात्सुयत्स’ हा भूगोलही त्याचाच?

आज बहुतेक अभ्यासक तसं मानतात. पूर्वी तो मोव्हसेस खोरेनात्सी या इतिहासकाराच्या नावावर होता. टॉलेमी या ग्रीक भूगोलकाराच्या परंपरेतलं जगाचं वर्णन त्यात आहे, हिंदुस्थानही आहे. पण खरा जीव अर्मेनिया आणि कॉकेशसच्या भागात आहे. तिथल्या १५ प्रांतांची माहिती इतर कुठे इतकी मिळत नाही.

त्याचा मोठा ग्रंथ ‘क्न्निकोन’ आज वाचायला मिळतो का?

अखंड नाही. अकराव्या शतकातच ग्रिगोर मागिस्त्रोस या विद्वान सरदाराला कॅथोलिकोस पेत्रोसकडे पत्र लिहून तो मागावा लागला होता, इतका तो चर्चच्या कपाटात पडून होता. आज जे आहे ते निरनिराळ्या हस्तलिखितांत विखुरलेलं. येरेवानला गेलात तर मातेनादारान या हस्तलिखित संग्रहालयाच्या दर्शनी भागात त्याचा पुतळा आहे. चंद्रावर त्याच्या नावाचं एक विवरही आहे, तेही चंद्राच्या पलीकडच्या, आपल्याला कधीच न दिसणाऱ्या बाजूला.

जुन्या अर्मेनियन शिलालेखावरचं साल कसं वाचायचं?

अक्षरांची किंमत मांडा, बेरीज करा, त्यात ५५१ मिळवा. शकात ७८ मिळवतो तसंच. शा, ल्युन, गिम ही तीन अक्षरं दिसली तर ५०० अधिक ३० अधिक ३, म्हणजे ५३३. त्यात ५५१ मिळवून १०८४. वर्षारंभ सरकता असल्याने कधी एका वर्षाचा फरक पडतो.

कोड्याचं उत्तर?

१७६०. सैन्याचे ४४ भाग करा. अर्धा म्हणजे २२, चौथा म्हणजे ११, अकरावा म्हणजे ४, मिळून ३७. उरले ७ भाग, आणि ते आहेत २८०. एक भाग ४०, म्हणून ४४ भाग १७६०. पडताळा: ८८०, ४४० आणि १६० मिळून १४८० मेले, २८० पळाले. बरेच जण दुसऱ्या हल्ल्यापासून उरलेल्या सैन्याचा भाग काढत जातात. तसं केलं तर ८२१ सैनिक आणि वर एका सैनिकाचा तिसरा हिस्सा येतो.